भंगारच्या गाडीवरचं पुरणयंत्र

प्रदर्शनाला तिकीट नाही, असं मैत्रिणीने फोनवर सांगितलं तेव्हाच मला शंका आली होती.

ही मैत्रीण आमच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत चित्रकला शिकवायची, मीही शिक्षिकाच. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच महिन्यात निवृत्त झालो. तेव्हापासून ती मला कुठे ना कुठे ओढून नेते. मागे एकदा तिच्या नादाने मोफत हाडांच्या तपासणीला गेले होते. तिथे पाच मिनिटं तपासणी आणि पाऊण तास गादीचं महत्त्व. पुढे सहा महिने गादीवाल्याचे फोन येत होते. म्हणून मी सरळ विचारलं, "विकायला काय आहे तिथे? प्लॉट का?"

"अगं फोटो आहेत फोटो. आपल्या नगरचे. काळेपांढरे. रस्त्यावरचं रोजचं जगणं."

"रोजचं जगणं भिंतीवर लावून कोणाला काय मिळणार?"

"तू येतेस की नाही?"

गेले. निघताना ह्यांना विचारलं, येता का म्हणून. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मोबाईलमध्ये एवढे रंग येतात आता, मग काळेपांढरे कशाला? काहीतरी लपवायचं असणार." ह्यांचं हे बोलणं मला पटलं. आमचं दोघांचं अशा बाबतीत एकमत असतं.

हॉलच्या दारात टेबल, टेबलावर रजिस्टर. नाव, पत्ता, मोबाईल नंबर. मी नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. मैत्रिणीने ते पाहिलं आणि स्वतःचा नीट लिहिला. आत पंख्यांचा आवाज आणि दहा-बारा माणसं. सगळे कुजबुजत बोलत होते, दवाखान्यात बोलतात तसे.

फोटो चांगले मोठे होते. दिल्ली गेटच्या कमानीखाली छत्री दुरुस्त करणारा म्हातारा. कापड बाजारात दुकानाच्या पायरीवर डबा खाणारे दोन सेल्समन, एकाच्या डब्यात दुसऱ्याचा हात. एटीएमच्या दारात रवंथ करत बसलेली गाय आणि तिला वळसा घालून आत जाणारी बाई. माळीवाड्याच्या स्टँडवर बाकावर आडवा झालेला कंडक्टर, तोंडावर टोपी.

"हा झोपलेला नाही," मी म्हणाले. "ह्याला झोपायला सांगितलंय."

"कशावरून?"

"बूट बघ. झोपलेल्या माणसाचे पाय असे जुळलेले नसतात."

"तुला सगळंच खोटं वाटतं," मैत्रीण म्हणाली आणि पुढे गेली. ती पुढे गेली ते बरंच झालं. कारण त्याच्या शेजारच्या फोटोत आमचं घर होतं.

आधी मला घर कळलं नाही. आधी दिसली ती भंगारची हातगाडी, दुपारच्या उन्हात गल्लीच्या मधोमध उभी. गाडीवर एक मोडका कूलर, रद्दीचे गठ्ठे, सायकलचं चाक, पत्र्याचे डबे. आणि ह्या सगळ्याच्या वर, कोणीतरी मुद्दाम शेवटी ठेवल्यासारखं, एक पुरणयंत्र. त्याच्या दांड्याला मुठीच्या जागी लाटण्याचा अर्धा तुकडा बसवलेला. तो तुकडा नको तितका लांब, एखाद्या शिंगासारखा बाहेर आलेला.

असं पुरणयंत्र ह्या जगात एकच आहे. ते माझ्या आईचं. कर्जतला आमच्या घरी त्याची लाकडी मूठ फुटली तेव्हा माझ्या वडिलांनी आईचं जुनं लाटणं करवतीने कापलं आणि त्याचा तुकडा दांड्यात ठोकून बसवला. आई चिडली होती, की एक वस्तू दुरुस्त करायला दुसरी मोडली. पण तो तुकडा पुढे तीस-बत्तीस वर्षं हलला नाही. आई गेल्यावर भावाने दुसरं काही नको, एवढं घेऊन जा म्हणून ते मला दिलं होतं.

आणि ते सहा वर्षांपूर्वी आमच्या घरातून चोरीला गेलं होतं.

मग मी फोटोतलं बाकीचं बघायला लागले. गाडीमागे लोखंडी फाटक, फाटकावर पत्र्याचा सूर्य, त्याचा एक किरण तुटलेला. फाटकाशेजारी कढीपत्त्याचं झाड. फाटकात पाठमोरा उभा असलेला माणूस, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, भर दुपारी कानाला मफलर. डावा हात मागे कमरेवर. असा हात ठेवून उभा राहणारा माणूस मी छत्तीस वर्षं रोज बघते आहे. खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दुपार, सावेडी'.

मैत्रीण परत येताना दिसली. मी तिचा दंड धरला आणि तिला समोरच्या भिंतीकडे नेलं. "ते बघ, चांगलं आहे," म्हणाले. तिथे काय होतं ते मला आज आठवत नाही. ती तो फोटो बघायला वळू नये, एवढंच डोक्यात होतं. आमचं घर तिच्या ओळखीचं, आमचे हेही ओळखीचे, आणि पुरणयंत्राची चोरी तर मी तिला दहा वेळा सांगितलेली.

फोटो काढणारी मुलगी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिशीची असेल. मी मैत्रिणीला पाणी आणायला पाठवलं आणि त्या मुलीकडे गेले.

"तो गाडीचा फोटो कधीचा?"

"सावेडीचा ना काकू? थांबा हं, मागे लिहिलेलं असतं." तिने फ्रेम भिंतीवरून काढली आणि उलटी केली. पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहिलं होतं. वर्ष तेच. महिना होळीच्या आधीचा.

"हे पेन्सिलीने लिहिलंय. नंतर लिहिलं असेल."

"नाही हो, रोल धुतला की लगेच लिहिते मी. विसरायला होतं."

"गाडीवर त्या वस्तू तुम्ही मांडल्यात का? फोटोसाठी?"

ती हसली. "मी कशाला मांडू? भंगारवाल्याने ठेवल्या होत्या. म्हणजे कूलर त्याने चढवला. ते पितळेचं शेवटी त्या काकांनीच आणून वर ठेवलं. त्यांना फोटोचा राग आला होता. डिलीट कर म्हणाले. मी म्हटलं, काका, रोलचा कॅमेरा आहे, डिलीट होत नाही. तर म्हणाले, मग कोणाला दाखवू नकोस." बोलता बोलता ती थांबली. "तुमच्या ओळखीचे आहेत का? काढून ठेवू का हा फोटो?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखीचे नाहीत."

हे खोटं मी का बोलले, ते मला सांगता येणार नाही. रिक्षात मैत्रीण विचारत राहिली, गप्प का आहेस. मी म्हणाले, डोकं दुखतंय.

त्या चोरीचं नीट सांगायला हवं. तेव्हा माझी नोकरी चालू होती. सकाळी साडेसातला घर सोडायचं, संध्याकाळी साडेपाचला यायचं. हे पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, दिवसभर घरी. आणि घरी धुणंभांडी, केरफरशी करायला एक बाई यायची. माझा मुलगा तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही तिला तेच म्हणते. पाथर्डीच्या पलीकडची. तिच्या घरचे सगळे ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की कोयते घेऊन पार साखर कारखान्यांच्या गावांना. ती मुलीच्या शाळेसाठी नगरला येऊन राहिली होती. आमच्याकडे नऊ वर्षं होती. आमच्या गल्लीत आणखी चार घरची कामं तिला मीच मिळवून दिली होती.

होळीच्या दिवशी शाळेला सुट्टी. मी डाळ शिजवली, गूळ घालून आटवली, परातीत काढली आणि माळ्यावरच्या खोक्यातून यंत्र काढायला गेले. खोकं रिकामं. मावशी तेव्हा स्वयंपाकघरात फरशी पुसत होती. महिनाभर आधीच ते खोकं आवरताना तिने यंत्र हातात घेऊन बघितलं होतं आणि म्हणाली होती, माझ्या सासूकडं बी असलंच हाय. मधे दोन दिवस ती गावी जाऊन आली होती. एवढ्यावर माझा हिशेब जुळला. मी तिला बोलले. काय बोलले, ते शब्द मला आठवत होते असं मी समजत होते. ती पदराला हात पुसत उठली आणि गेली, पुन्हा आली नाही. न येणं हाच पुरावा, असं मी संध्याकाळी फाटकात उभी राहून शेजारणींना सांगितलं. आठवड्याभरात चारही घरांनी तिला बंद केलं.

आता प्रदर्शनातून घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते माळ्यावर चढण्याचं. पातेली मोजली. तांब्याची घागर आहे का बघितलं. ह्यांनी आणखी काय काय देऊन टाकलं असेल? मुलाची लहानपणीची सायकल मुलानेच पुण्याला कोणाला तरी दिली, असं हे म्हणाले होते. माझ्या शाळेच्या वह्यांना वाळवी लागली, असं हे म्हणाले होते. छत्तीस वर्षांत ह्यांनी सांगितलेलं एकेक मी काढून तपासत बसले. खालून हे विचारत होते, "अगं काय शोधतेस?"

"काही नाही."

चार दिवस मी ह्यांच्यावर पाळत ठेवली, ह्याला दुसरा शब्द नाही. हे फोनवर बोलायला अंगणात गेले तर मी खिडकीपाशी. दुपारी भंगारवाल्याची आरोळी आली की ह्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. हे शांतपणे कोडं सोडवत असायचे. मला वाटायचं, किती सरावलेला माणूस आहे हा.

पाचव्या दिवशी मी पुरण घातलं. सण नाही, वार नाही. मिक्सरमध्ये फिरवलं. पहिली पोळी ह्यांच्या ताटात वाढली.

"आज काय विशेष?"

"पूर्वीसारखं होतं का पुरण?"

"छान झालंय."

"यंत्रातलं मऊ व्हायचं."

हे जेवत राहिले. मान खाली. तेव्हा मला कळलं, की गेल्या सहा वर्षांत पुरणाचा विषय निघाला की हे असेच मान खाली घालून जेवतात, आणि मला वाटायचं ह्यांना गोड आवडतं.

"यंत्र भंगारात तुम्ही दिलंत."

घास तसाच हातात राहिला. "कोण म्हणालं?"

"फोटो आहे. हॉलमध्ये भिंतीला लावलाय. अख्खं शहर बघून गेलं."

ह्यांनी घास खाली ठेवला.  मग म्हणाले, "मी माळा आवरत होतो. कूलर द्यायचाच होता. दांड्याला लाटण्याचा तुकडा बघितला, म्हटलं हे मोडकंच आहे. तू मिक्सर वापरतेस, मला वाटलं..."

"होळीला मी मिक्सर वापरत नाही."

"आता कळतंय ना ते मला."

"तेव्हा का नाही बोललात? मी तिला बोलत होते तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"दाढी करत होतो. आवाज आला, तोंडाला फेस. बाहेर येईपर्यंत ती गेली होती आणि तू रडत बसली होतीस. वडिलांचं नाव घेऊन रडत होतीस गं. मी तोंड उघडायला घाबरलो. म्हटलं उद्या सांगू."

"आणि उद्या?"

"उद्या तू शेजारी सांगून बसली होतीस." ते पाण्याचा पेला फिरवत राहिले. "मग काय सांगणार?"

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागात एक बारीक समाधान होतं, की चोर ह्यांच्यात सापडला, माझ्यात नाही. मी फक्त फसले होते. हे समाधान दोन दिवस टिकलं.

मावशी कुठे असते, हे कोणाला विचारावं? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गल्लीतल्या सगळ्या कामवाल्यांची माहिती. त्याला विचारलं तर त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"कशाला पाहिजे ती तुम्हाला? परत काही हरवलं का?"

"नाही. भेटायचंय."

"एवढ्या वर्षांनी?" तो पुन्हा इस्त्री करायला लागला. मी तिथेच उभी राहिले. दोन शर्ट झाल्यावर त्याने सांगितलं. एमआयडीसीच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीमागची वस्ती. मेसमध्ये भाकरी करते, दुपारी दोन ते चार घरी असते.

दुसऱ्या दिवशी अडीचला गेले. एकटीच. रिक्षात बसून मनाशी वाक्यं जुळवत होते. तिला तू म्हणायचं का तुम्ही, इथेच अडत होतं. नऊ वर्षं तू म्हटलं होतं.

दार उघडंच होतं. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. केस बरेच पांढरे झालेले. मला बघून उठली नाही. आधी चेहरा कोरा, मग ओळख पटली तसा तो आणखी कोरा झाला. तिने मान वळवून शेजारच्या दाराकडे हाक मारली.

"आक्के! बाहीर ये गं जरा. हितं येऊन बस."

एक म्हातारी आली आणि भिंतीला टेकून बसली. मावशीने मला प्लास्टिकची खुर्ची दिली, उंबऱ्याच्या बाहेर. मी बसले आणि सवयीने पर्स खाली पायाशी ठेवली.

"पर्स मांडीवर घ्या," मावशी म्हणाली. "खाली ठिऊ नका. आक्के, बघितलंस ना, बाईंची पर्स त्यांच्या मांडीवर हाय."

"बघितलं," म्हातारी म्हणाली.

जुळवलेली वाक्यं तिथेच गेली. मी नुसतं सांगत सुटले. फोटो, गाडी, यंत्र, हे, भंगारवाला. "चूक आमच्या ह्यांची झाली. मला माहीतच नव्हतं. आत्ता फोटो बघून कळलं."

मावशीने लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"आत्ता कळलं?"

"हो ना."

"मी तुमाला सांगितलं हुतं."

"काय?"

"साहेबांनी भंगारवाल्याला दिलं म्हनून. मी वट्टा झाडीत हुते तवा, माझ्या डोळ्यादेखत. त्या दिशी तुमी इचारलं तवा मी हेच सांगितलं. एकदा न्हाई, तीनदा."

"नाही," मी म्हणाले. "तू... तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठून गेलात."

"परातीत डाळ हुती. वाफ निघत हुती. तुमी हातात झारा धरला हुता. मी म्हनले, बाई, साहेबांनी दिलं, त्यांना इचारा. तुमी म्हनला, 'आता साहेबांवर ढकलतेस का?' मी परत म्हनले. तर म्हनला, 'नऊ वर्षं ह्या घरचं खाल्लंस.' तिसऱ्यांदा म्हनले तवा तुमी झारा आपटला. मग मी उठले."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. परात आठवली. वाफ आठवली. तिचं ते सांगणं मला आठवेना. पण 'ह्या घरचं खाल्लंस' हे वाक्य माझंच होतं. माझी आई गड्यांना असंच बोलायची आणि मीही शिपायाला एकदा असं बोलले होते, त्यावरून शाळेत वाद झाला होता. दुसरं कोणी हे वाक्य रचून माझ्या तोंडी घालू शकलं नसतं. आणि झाऱ्याचा दांडा त्या होळीपासून वाकडा आहे. तो कसा वाकला, असं मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

फोटोवर मी शंका घेतली, पेन्सिलीच्या तारखेवर घेतली, नवऱ्यावर घेतली. आपल्या आठवणीवर घ्यायचं कधी सुचलं नाही.

"मग पुढे काय केलंत?" मी विचारलं. 

"काय करनार? चारी घरं एका आठवड्यात बंद. नवी कामं मिळंनात. जिथं जावं तिथं आदी तुमच्याकडं फोन. सात-आठ म्हैने हितंतितं काडले. दिवाळी झाली तशी दिराच्या टोळीत गेले तोडीला. पोरीला संग न्यावं लागलं, ठिवती कुनाकडं? तिचं आठवीचं वर्स गेलं. दुसऱ्या वर्सी मेसचं काम गावलं म्हनून परत आले."

मी शिक्षिका. ऊसतोडीच्या पोरांच्या हजेरीचे रकाने मी वीस वर्षं भरले होते. दिवाळीनंतर वर्गातली कोणती बाकं रिकामी होतात, ते मला तोंडपाठ होतं.

"मी काय करू सांगा," मी म्हणाले.

तिने विचार केला नाही. उत्तर तिच्याकडे तयार असावं. "चार घरं हुती. चारी घरी जाऊन सांगा. आनि साहेबांना संग न्या. त्यांच्या तोंडानं सांगू द्या."

हे यायला तयार नव्हते. "इतक्या वर्षांनी लोक हसतील." मी म्हणाले, "हसू देत." दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल."

पहिल्या घरातले लोक दोन वर्षांपूर्वीच संभाजीनगरला गेले होते. तिथे भाडेकरू. हे त्या परक्या माणसालाच सांगायला लागले, मी थांबवलं. जुन्या शेजाऱ्यांशी फोनवर बोलायचं ठरलं आणि नंतर ह्यांनी बोलूनही घेतलं.

दुसऱ्या घरातल्या आजींना काहीच आठवेना. "कोण मावशी? ती चष्मेवाली?" ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग सापडलं ना यंत्र? देव पावला."

तिसऱ्या घरातल्या बाईंनी सरबत दिलं. हे म्हणाले, "चोरी झालीच नव्हती. मीच दिलं होतं. आणि मी बोललो नाही, हा माझा दोष." हे सांगताना ह्यांचा हात कमरेवर नव्हता, मांडीवर होता. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते तुमचं झालं हो. पण आमच्याकडचं चांदीचं निरांजनही तेव्हाच गेलं होतं. ते काही तुमच्या साहेबांनी दिलं नाही ना?"

"तेव्हा तुम्ही बोलला नव्हतात निरांजनाचं," मी म्हणाले.

"तुमच्याकडचं कळल्यावर शोधलं ना आम्ही. नव्हतं जागेवर."

मला त्यांच्या तोंडात माझाच आवाज ऐकू आला. मी खूप समजावलं. त्या हसून मान हलवत राहिल्या.

चौथ्या घरी डॉक्टरीणबाई. त्यांनी ह्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांनी बंद केलं, मग एकट्या माझ्याकडे ठेवायची म्हणजे... तुम्ही नाराज झाला असता." हे ऐकून मला सगळ्यात वाईट वाटलं. माझी एवढी भीती गल्लीत होती, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं वस्तीवर गेलो. ह्यांनी उभ्या उभ्याच हात जोडले. मावशीने त्यांना बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मग मी चारही घरांचं जसंच्या तसं सांगितलं. ती मधे मधे थांबवून विचारायची, "म्हंजी काय म्हनल्या? नेमकं बोला." आत तिची मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. लहानपणी आमच्या ओट्यावर बसून माझ्या शाळेतली जुनी पुस्तकं वाचायची ती. ती दारात आली.

"माझ्याबरोबरच्या पोरी सेकंड इयरला आहेत," ती म्हणाली. "मी फर्स्टला. ते कोणत्या घरी जाऊन सांगणार तुम्ही?"

"गप गं," मावशी म्हणाली.

"नाही, बोलू दे तिला," हे म्हणाले.

पण तिला आणखी काही बोलायचं नव्हतं. ती आत जाऊन पुन्हा वाचायला लागली. फी भरतो, पुस्तकं देतो, असलं काही बोलण्याचा अगोचरपणा निदान त्या वेळी आम्ही केला नाही.

निघताना मावशीने माझा फोन नंबर मागितला आणि तिचा मला दिला. "तिसऱ्या घरच्या बाईंचं राहिलं," ती म्हणाली. "त्यांना परत सांगा."

त्यानंतर मी तिसऱ्या घरी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी विषय बदलला. दुसऱ्यांदा फाटकातूनच म्हणाल्या, "असेल बाई, तुम्ही म्हणताय तर." सकाळी फिरायला जाताना मी समोरून दिसले की त्या हल्ली रस्ता ओलांडतात.

हेही मी मावशीला फोन करून सांगितलं, शब्दाला शब्द.  पाठीमागे मेसमधल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजी अजून त्यांना पटलं न्हाईच म्हना."

"नाही पटलं."

"मग जात ऱ्हावा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परवा गुरुवारी पुन्हा जाऊन आले. ह्या वेळी हे सोबत होते.